पानांची भिंत

४ मार्च

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंच असेल. पत्र फाडायचं तर खुशाल फाडा, पण आतलं रेखाटन आधी बाहेर काढून ठेवा. त्याने तुमचं काही वाईट केलेलं नाही.

फोन केला असता. पण तुम्ही नंबर बदललात, आणि तुमच्या जीवाश्मांच्या संस्थेतल्या बाई दर वेळी "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" एवढंच सांगतात. इतक्या मीटिंगा तर आमच्या खाणीतही होत नाहीत. आणि हो, वन्सं म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही हे माझ्या लक्षात आहे. आठ वर्षांत तसं चिडवायला दुसरी नणंद मिळाली नाही, काय करू?

मुद्द्यावर येते. मागच्या आठवड्यात खाणीच्या पूर्वेकडच्या सगळ्यात खालच्या पायरीवर सुरुंग उडाला. कोळशाच्या वरचा करडा दगड पाटीसारखा सुटून खाली आला आणि मागे उघडी भिंत राहिली. मी मोजमापाला गेले होते. भिंतभर पानं आहेत, वन्सं. जिभेच्या आकाराची, एकावर एक पडलेली, काळी, मधली शीर अन् शीर दिसणारी. आणि पानांच्या मधे झाडांचे बुंधे, दगड झालेले, पण उभे. मुळं खाली कोळशात गेलेली. तुम्ही माझ्या ओट्यावर दगड पसरून ठेवायचात आणि मी भांडायची, तेव्हा असल्या पानांचे तुकडे पाहिले होते. इथे जंगलच्या जंगल उभं आहे.

मी अजून नकाशाघरातच आहे. माझी पेन्सिल जिथे फिरते तिथे पुढच्या वर्षी खड्डा असतो. ही पायरी एप्रिलअखेर उडायची आहे, आणि ती रेघही मीच ओढलेली आहे. तेव्हा खाली काय आहे ते कुणाला ठाऊक होतं?

एका पानाच्या पाठीवर बारीक दाणे दिसले, बियांसारखे. ते मोठं करून काढलंय. हे काही आहे का, की मी आपली उगाच नाचतेय? तेवढं कळवा.

तुमच्या दादांना हे पत्र माहीत नाही. ते आता खाणीचे व्यवस्थापक झालेत. घरात तुमचा विषय निघाला की मिठाची गुळणी धरतात आणि उठून गॅलरीत जातात.

तुमची,
वहिनी


१९ मार्च

वन्सं,

आठ वर्षांनी पत्र आलं आणि त्यात चार ओळी! तुम्ही लिहिता, दाणे पानालाच चिकटलेत की नुसते शेजारी पडलेत ते भिंगाने बघा. हात लावू नका. ओल्या गोणपाटाने झाका, उन्हात वाळली तर पानं सोलून पडतील. कुठलं बी कुठल्या झाडाचं हे अशाच पानावरून कळतं आणि अशी पानं फार थोडी सापडलीत. बस्स. ना वहिनी कशी आहेस, ना गुडघा कसा आहे. उंटावरून शेळ्या हाकायची सवय गेली नाही तुमची.

तरी चार ओळी मी कितीदा वाचल्या ते सांगणार नाही. तुमची चौथी ओळ वाकडी गेली आहे.

बघितलं. चिकटलेत. देठासकट.

गोणपाटं फोरमनने मिळवून दिली. हा फोरमन तुमच्या वेळी नव्हता. त्याचा आवाज असा की लोक त्याला भोंगाच म्हणतात, आणि तो हाकेला ओ देतो. मी सांगितलं, दगड तापून फुटतोय, मोजमापाच्या खुणा हलतात, झाकून ठेव. खोटं आहे, पण अगदीच खोटं नाही. सकाळी जाते, गोणपाटं बादलीने भिजवते, दुपारी पुन्हा काहीतरी निमित्त काढून जाते. पायाला भिंगरी लागल्यासारखी झालेय. ऑफिसात बसले तर खुर्ची टोचते, घरी आले तर वाटतं गोणपाट वाऱ्याने उडालं असेल.

तुम्ही विचाराल, तुला गं काय एवढं पडलंय? तुम्ही विचारणार नाही, पण मी सांगते. मी लग्न होऊन आले ते घर आता हवेत आहे. म्हणजे ते जिथे होतं तिथे आता नुसती हवा आहे आणि खाली डंपर फिरतात. दुसरं घरही गेलं. मी शिकले ती शाळा गेली, शाळेमागची टेकडी गेली, नदी तर उचलून पलीकडे नेली. प्रत्येक वेळी नकाशा मीच काढला आणि नीट काढला. तक्रार नाही, त्यावरच आमचं पोट आहे. पण या वयात एकदा तरी वाटतं की एखादी गोष्ट जागच्या जागी राहू द्या. माझ्या हयातीत एक तरी रेघ मला खोडायची आहे.

भिंतीच्या आतही पानं असतील का? की नुसती वरवर आहेत?

वहिनी

ता. क. गुडघा बरा नाही.


६ एप्रिल

वन्सं,

तुमच्या संस्थेचं अधिकृत पत्र आलं. समिती येणार, तारीख अकरा मे, तोपर्यंत पायरीला हात लावू नये. खाली समितीप्रमुख म्हणून तुमची सही. मला आधी कळवायचं होतंत! मी दादांच्या केबिनमध्ये नकाशा द्यायला गेले आणि ते ते पत्र धरून बसले होते. माझी पाचावर धारण बसली.

त्यांनी पत्र घडी करून खणात ठेवलं. सुरुंगाची तारीख पुढे ढकलली, भोंग्याला बोलावून सांगितलं, मला म्हणाले, "नकाशा ठेव." रात्री जेवायला बसलो. अर्धं जेवण झाल्यावर मान वर न करता विचारलं, "ती अजून चहात साखर घालत नाही का?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?" म्हणजे माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणतात ना, तो त्या दिवशी भिजला. पत्रं मी लिहिली हे सांगितलं नाही. गोणपाटांचंही नाही. सांगायला हवं होतं का? गोणपाटांचं निघालं की तुमच्या चार ओळींचं निघणार, त्यांचं निघालं की माझ्या चोरट्या पत्रांचं निघणार. त्यापेक्षा तुम्ही आलात की आपोआप कळेल.

आता एक गोष्ट, जी इथे कुणी तुम्हाला लिहायची नाही असं दादांनी बजावलं होतं. खाणीतून उपसलेल्या मातीचा उत्तरेचा ढीग घसरला. तुम्ही गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी. तुम्ही तपासनिसांपुढे सांगितलं होतंत तसाच, त्याच बाजूने. सुट्टीचा दिवस होता म्हणून खाली कुणी नव्हतं. तुमच्या त्या साक्षीने खाण बंद राहिली, माणसं घरी बसली, फाटकाशी उभं राहून त्यांना परत पाठवायचं काम दादांच्या वाट्याला आलं, आणि मग ताटावर ते तुम्हाला म्हणाले की तू सगळ्यांच्या अन्नात माती कालवलीस. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. मला दोघांचाही राग आला होता, अजून आहे. पण ढीग घसरला त्या दिवशी दादा संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. घरी आले ते बुटांसकट पलंगावर बसले. मी पहिल्यांदाच ओरडले नाही.

तुम्ही लिहिलंत की पानं डोंगराच्या आतपर्यंत थरांनी गेलेली असणार, कागदाच्या गठ्ठ्यासारखी, आणि हे सगळं राखायचं तर पूर्वेची बाजूच सोडावी लागेल. लिहायला सोपं आहे. भोंगा काल माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, त्या पायरीखालचा कोळसा म्हणजे आमचं पुढचं वर्ष आहे. पानं बघून पोरांची पोटं भरतात का?" मी नकाशा उलटा करून बघितला. पश्चिमेला वळलं तर कोळसा आहे, पण खोल आहे, महाग आहे, रस्ता नवा लागेल. अशक्य मात्र नाही. ते मी पेन्सिलीने काढून ठेवलंय, अजून कुणाला दाखवलं नाही.

कागदाच्या गठ्ठ्यातला पहिला कागद आपल्याकडे आहे, नाही का? त्यावर ते बियांचं पान आहे. मी त्याला रोज सकाळी जाऊन बघते. हसा.

वहिनी


२९ एप्रिल

वन्सं,

सगळं ठीक आहे.

पाहुण्यांच्या बंगल्यातल्या खोल्या झाडून घेतल्या. तुमची खोली रस्त्यापासून लांबची घेतली, डंपरचा आवाज कमी येईल. पडदे जुने आहेत, पण धुवून घेतलेत. उन्हाळा यंदा फार आहे. गोणपाटांचं काम चाललंय तसं चाललंय. भिंतीला मधे थोडं पाणी लागलं, त्याचं विशेष काही नाही.

समितीला अकरा तारखेच्या आधी येता येणार नाही का? चार दिवस आधी आलात तरी चालेल. उद्यासुद्धा चालेल.

वहिनी


१ मे

वन्सं,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं. थोडं पाणी लागलं नाही. भिंत धुतली.

तपासणी आली की भिंत धुवायची, हे इथलं वळण तुम्हाला माहीत आहे. धुळीने माखलेली भिंत तपासनिसाला दाखवणं म्हणजे काहीतरी लपवणं. फट असेल तर ती दिसली पाहिजे, म्हणून टँकर आणायचा, पाइप लावायचा आणि वरपासून खालपर्यंत झोत मारायचा. मग पायथ्याशी चुन्याची रेघ ओढायची. जितका मोठा माणूस येणार, तितकी भिंत स्वच्छ. हे करायला इथे कुणाला सांगावं लागत नाही.

दादांनी ते स्वतः केलं. पाइप कुणाच्या हातात दिला नाही. भोंग्याने म्हणे विचारलं, "साहेब, बाईंची गोणपाटं आहेत वर." तर म्हणाले, "काढ ती. असल्या चिंध्या लटकवून ठेवायच्या का तिच्यासमोर?"

तिच्यासमोर म्हणाले, वन्सं. समितीसमोर नाही.

मी पोचले तेव्हा झालं होतं. ते ओल्या बुटांनी उभे होते, शर्ट भिजलेला, आणि चेहरा असा की मी लग्नाच्या दिवशीही तसा पाहिला नव्हता. मला म्हणाले, "बघ. आरशासारखी केली. आता म्हणू दे तिला काय म्हणायचं ते."

भिंत खरंच स्वच्छ होती. करडी, गुळगुळीत, एकसारखी. बुंधे आहेत, ते जाड आहेत. पानं पायथ्याशी काळ्या पाण्यात तरंगत होती, काजळीच्या सालपटांसारखी. मी हात घातला तर बोटांना नुसतं काळं लागलं. ते बियांचं पान जिथे होतं तिथे मी भिंग लावून बघितलं. तिथे काही नाही.

मी ओरडले. सगळ्या माणसांसमोर, नवऱ्यावर, खाणीच्या व्यवस्थापकावर. काय ओरडले ते आठवत नाही, भोंग्याला आठवतं पण तो सांगत नाही. दादांना आधी कळेचना. मग मी तिथेच सगळं सांगितलं, पत्रं, गोणपाटं, दाणे, तुमच्या चार ओळी. ते पाइप हातात धरून ऐकत होते. पाइपातून अजून थेंब पडत होते. मग त्यांनी तो खाली ठेवला, अगदी सावकाश, आणि चालत वर निघून गेले. गाडी तिथेच राहिली.

मी आधी तोंड उघडलं असतं तर हे झालं नसतं. त्यांना माहीत असतं तर त्यांनी बंदूक घेऊन पहारा केला असता. हे मला रोज उठून स्वतःला सांगावं लागणार आहे.

मुख्य ऑफिसला बातमी पोचायला वेळ लागत नाही. काल फोन आला. भिंतीवर आता काहीच नसेल तर समिती बघणार काय? अकरा तारखेआधी पायरी उडवून मोकळे व्हा. म्हणून हे पत्र माणसाबरोबर पाठवतेय, टपालाने नाही.

आत पानं आहेत असं तुम्हीच लिहिलं होतंत. थरांनी. ते अजून खरं आहे ना?

वहिनी


८ मे

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, आता येऊन काय बघू? दादाला हवं होतं ते त्याने बरोबर केलं, वर स्वच्छतेचं नाव दिलं. समितीचा दौरा रद्द करायला सांगते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुमच्यापेक्षा वयाने फार मोठी नाही, पण आज वहिनी म्हणून बोलणार आहे आणि तुम्ही ऐकून घेणार आहात.

त्या माणसाला लबाडी जमत नाही. जमली असती तर आज आम्ही कुठच्या कुठे असतो. त्याला एकच गोष्ट येते, खाण चालवणं. त्यात ज्याला मान द्यायचा त्याच्यासाठी भिंत धुवायची, याहून मोठा मान त्याला माहीत नाही. आठ वर्षांनी बहीण येतेय, तर त्याने तिच्यासाठी जे होतं ते केलं. चुकलं. भयंकर चुकलं. तुम्ही रागवा, जन्मभर रागवा, मीही आहे तुमच्या जोडीला. पण त्याने मुद्दाम केलं असं पुन्हा लिहिलंत तर माझ्याशी गाठ आहे.

आता पुढचं ऐका. तुमचं पत्र मी लपवलं नाही. लपवालपवीचं फळ बघितलंय. टेबलावर ठेवलं, त्यांनी वाचलं. मग माझ्याकडची तुमची सगळी पत्रं मागून घेतली आणि तीही वाचली. गोणपाटाची ओळ आली तिथे ते थांबले. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुख्य ऑफिसचा पुन्हा फोन आला. मी केबिनमध्येच होते, पश्चिमेचा नकाशा घेऊन. दादा म्हणाले, "सुरुंगाच्या हुकमावर सही व्यवस्थापकाची लागते. माझी मिळणार नाही." पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. हे म्हणाले, "कोळसा पश्चिमेलाही आहे, नकाशा पाठवतो. पूर्वेला जे आहे ते एकदा घालवलंय, दुसऱ्यांदा माझ्या हातून जाणार नाही." मग ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "मग दुसरा माणूस पाठवा."

त्यांनी पाठवला. दादांना कामावरून दूर केलंय. घर कंपनीचं आहे, ते सोडावं लागणार. म्हणजे आता चौथं घर शोधायचं. सामानाची खोकी दारात आहेत आणि मी त्यांना ठेचकाळत फिरतेय. भोंगा माझ्याशी बोलत नाही, माणसं बघितलं की रस्ता ओलांडतात. त्यांचंही चूक नाही. पश्चिमेला रस्ता होईपर्यंत त्यांचे हाल आहेत, आणि ते आमच्यामुळे.

नवीन व्यवस्थापक वाईट नाही. मला सरळ म्हणाला, "बाई, समिती येणार असेल तर मी थांबेन, मला कारण आहे. समिती येणार नसेल तर माझ्याकडे थांबायला कारण नाही." इतकं स्पष्ट आहे. तुम्ही आलात तर भिंत उभी राहील आणि आतली पानं तुम्ही तुमच्या हाताने उघडाल. नाही आलात तर ती उडेल, आणि या वेळी ते दादांनी केलेलं नसेल.

तुम्ही आमच्यासाठी येऊ नका. घरात तुम्हाला बसायला खुर्चीही उरणार नाही. पण या.

दादा आता रोज खाणीत जातात. फाटकावर पाहुण्यांच्या वहीत सही करतात, पाहुण्याची पिवळी टोपी घालतात. एवढी वर्षं ज्या फाटकाने सलाम केला तिथे रांगेत उभे राहतात. खाली भिंतीवर त्यांनी पुन्हा गोणपाटं बांधलीत, बुंध्यांवर, आणि जिथे थर आत जातो त्या कडेवर. टँकर तिथेच उभा असतो, पण ते त्याला हात लावत नाहीत. बादली घेऊन लांबच्या नळावर जातात आणि भरून आणतात.

काल मला म्हणाले, "तिला विचार, पाणी एवढं पुरे का." मी म्हटलं, माझ्यामार्फत बोलणं आता पुरे झालं, तुम्हीच विचारा. पत्र त्यांच्यापुढे ठेवून मी खोकी बांधायला गेले. खालचं त्यांनी लिहिलंय. बराच वेळ लागला त्यांना.

वहिनी

छोटे,
गोणपाटं सकाळ, दुपार, संध्याकाळ भिजवतो. ऊन वाढलंय. पाणी किती घालावं ते मला कळत नाही. तू येऊन सांग. तोवर हातानेच घालतो. हळू घालतो.
दादा